बोल्टला एक आटा देणारा माणूस : सर जोसेफ व्हिटवर्थ



आपल्या वार्तापत्रात चरित्रे येतात ती बहुधा संतांची, समाजसुधारकांची, देशभक्तांची. यावेळी एका कारागिराची ओळख करून द्यावी असे मनात आले. त्याला निमित्त झाला आपल्याच शाळेचा एक माजी विद्यार्थी.

हा मुलगा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. वडील लूमवर कामाला, आई घरी साड्यांवर टिकल्या चिकटवते. गोडादऱ्यातल्या निम्म्या घरांचे चित्र यापेक्षा फार वेगळे नाही. एका कारखान्याने त्याला आठ दिवस अजमावून पाहण्यासाठी बोलावले होते. काम दिले ते असे : कापड रंगवण्याच्या टाकीचे गोल झाकण संगणकावर जुळवायचे. झाकणाच्या कडेला अठ्ठेचाळीस भोके. प्रत्येक भोकात एक बोल्ट, दोन वायसर आणि एक नट. म्हणजे एकशे ब्याण्णव वस्तू झाल्या. कॅडमध्ये प्रत्येक वस्तूला किमान दोन बंधने घालावी लागतात, एक मध्यरेषेचे आणि एक बसण्याच्या पृष्ठाचे. पोरगा दोन दिवस मान मोडून बसला आणि त्याने तीनशे चौऱ्याऐंशी बंधने एकेक करून घातली. शनिवारी संध्याकाळी साहेबांनी सांगितले की झाकण थोडे मोठे करायचे आहे आणि बोल्ट दहाऐवजी बारा मिलिमीटरचा घ्यायचा आहे. त्याने माप बदलले आणि सगळा पडदा लाल झाला. भोके सरकली, बोल्ट जुन्या जागी हवेत लटकत राहिले. सोमवारी सकाळी काम दाखवायचे होते.

रविवारी तो रडवेला होऊन माझ्याकडे आला. मी उधन्याला यंत्रांची ड्रॉइंगे करतो, ही चूक मीही तरुणपणी केली आहे, त्यामुळे रागवायचा प्रश्नच नव्हता. आम्ही सगळे बोल्ट पुसून टाकले. आधी झाकणात एकच भोक ठेवले आणि ते गोलाकार अठ्ठेचाळीस वेळा फिरवून घेतले. मग बोल्ट, दोन वायसर आणि नट यांचा एक छोटा संच बांधला आणि तो पहिल्या भोकात बसवला. शेवटी संगणकाला सांगितले की भोकांची जी मांडणी आहे तिच्यामागोमाग हा संच ने. अर्धा तासही लागला नाही. झाकण मोठे केले तर बोल्ट आपोआप बाहेर सरकले, भोके बावन्न केली तर संच बावन्न झाले.

मुलगा हुशार. आनंद ओसरल्यावर त्याने विचारले की पहिल्या भोकात बसलेला बोल्ट अठ्ठेचाळिसाव्या भोकातही बसेलच, हे संगणकाने कशावरून धरले? खरे तर संगणकाला काहीच ठाऊक नसते. ते आपण धरलेले असते, आणि आपण धरू शकतो याचे कारण सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वी एका माणसाने ते खरे करून ठेवले. त्याचे नाव जोसेफ व्हिटवर्थ.

जोसेफचा जन्म २१ डिसेंबर १८०३ रोजी इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळच्या स्टॉकपोर्ट गावी झाला. वडील चार्ल्स शाळामास्तर होते, पुढे धर्मोपदेशक झाले. जोसेफ लहान असतानाच आई गेली आणि घर विस्कटले. भावंडे दुसरीकडे गेली, जोसेफला लीड्सजवळच्या एका शाळेत ठेवले. चौदाव्या वर्षी शाळा संपली आणि डर्बीशायरमधल्या मामा-काकांपैकी एकाच्या सूतगिरणीत त्याची रवानगी झाली. पुढे गिरणीचा कारभार पाहावा असा घरच्यांचा बेत होता.

गिरणीत राहून त्याने सगळी यंत्रे समजून घेतली, पण मालकी हिशेबात त्याचे मन रमेना. यंत्रे ज्या ढोबळपणे बनत, त्याचाच त्याला जास्त त्रास होई. दोन चाके नीट जुळत नाहीत, दांडा हलतो, मग कुणीतरी हातोडी मारून ते बसवतो. लूमच्या खात्यात वाढलेल्या आपल्या मुलांना हे वेगळे समजावून सांगायला नको. चार वर्षांनी, अठराव्या वर्षी, तो कुणालाही न सांगता मँचेस्टरला पळाला आणि साधा मेकॅनिक म्हणून कामाला लागला. १८२५ मध्ये फॅनी अँकर्स या नावाड्याच्या मुलीशी त्याने लग्न केले आणि दोघे लंडनला गेली.

लंडनमध्ये हेन्री मॉड्स्ले यांचा कारखाना म्हणजे त्या काळच्या कारागिरांची काशी होती. स्क्रू कापण्याचे लेथ त्यांनी नावारूपाला आणले होते. तिथे व्हिटवर्थ सपाटपणा शिकला. सपाटपणा शिकायचा म्हणजे काय, असे वाटेल, पण जरा थांबा. दोन लोखंडी पाट एकमेकांवर घासले तर ते एकमेकांना जुळतात, सपाट होतीलच असे नाही. एक मध्ये फुगीर आणि दुसरा मध्ये खोलगट असला तरीही ते घट्ट बसतील. म्हणून तीन पाट घ्यायचे. पहिला दुसऱ्याशी, दुसरा तिसऱ्याशी, तिसरा पहिल्याशी, असे आळीपाळीने रंग लावून ताडायचे आणि उंच ठिपके स्क्रेपरने खरवडायचे. तिन्ही एकमेकांशी जुळले की ते सपाटच असणार, दुसरा मार्ग उरत नाही. या युक्तीचे मूळ श्रेय कुणाचे याबद्दल वाद आहे, पण ती घासण्याऐवजी खरवडून पूर्णत्वाला नेली आणि १८४० मध्ये जगापुढे मांडली ती व्हिटवर्थने. आजही चांगल्या टूलरूममध्ये सरफेस प्लेट असते, ती याच घराण्यातली.

पुढे तो जोसेफ क्लेमेंट या कारागिराकडे काही काळ होता. चार्ल्स बॅबेज यांनी कल्पिलेले आकडेमोडीचे यंत्र याच क्लेमेंटच्या कारखान्यात घडत होते. ते पुरे झाले नाही, पैशावरून बिनसले आणि १८३३ मध्ये काम थांबले. संगणकाच्या इतिहासात बॅबेज यांचे नाव पहिल्या पानावर असते. त्याच छपराखाली बोल्टला शिस्त लावणारा माणूस हात काळे करत होता, ही गोष्ट मला फार आवडते.

१८३३ मध्ये व्हिटवर्थ मँचेस्टरला परतला. भाड्याच्या जागेत, वाफेच्या भाड्याच्या शक्तीवर, त्याने हत्यारे बनवण्याचा धंदा मांडला. पाटीवर आपण लंडनहून आलो आहोत हे लिहायला तो विसरला नाही. धंद्याची जाण त्याला होती.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. त्या काळी बोल्ट होते, नट होते, पण अमुक मापाचा बोल्ट अशी गोष्ट नव्हती. प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे. कुणाचे इंचाला दहा, कुणाचे अकरा, कुणाचे खोल, कुणाचे उथळ. बोल्ट आणि नट जोडीने बनत आणि जोडीनेच ओळखले जात. यंत्र खोलताना कोणता नट कोणत्या बोल्टचा याची खूण केली नाही, तर परत जुळवताना कपाळाला हात. नट हरवला तर ज्याने यंत्र बनवले त्याच्याकडेच जायचे, तो दुसऱ्या शहरात असला तरी. नुकतीच आगगाडी सुरू झाली होती. एका गावी बनलेले इंजिन दुसऱ्या गावी बिघडे आणि तिथल्या दुरुस्तीखात्यात त्याचा एकही स्क्रू मिळत नसे.

व्हिटवर्थने जे केले ते ऐकायला साधे आहे. त्याने मोठमोठ्या कारखान्यांतून स्क्रू आणि बोल्ट गोळा केले आणि ते मोजले. प्रत्येक जाडीला इंचामागे किती आटे पडतात, आट्याची खोली किती, दोन उतारांमधला कोन किती, हे सगळे नोंदवून त्याची सरासरी काढली. कोनाची सरासरी पंचावन्न अंश आली, तोच कोन त्याने सगळ्या मापांना ठरवला. आट्याची टोके आणि तळ गोलसर ठेवले. पाव इंचाला वीस आटे, अर्ध्या इंचाला बारा, एक इंचाला आठ, असा तक्ता करून १८४१ मध्ये लंडनच्या सिव्हिल इंजिनिअरांच्या संस्थेपुढे त्याने निबंध वाचला.

पंचावन्न या आकड्यात काही जादू नाही. कागदावर बसून आदर्श आटा शोधायचा मोह त्याने टाळला, चालू असलेल्या सगळ्यांच्या मधोमध रेघ ओढली, त्यामुळे कुणालाच फार लांब सरकावे लागले नाही. माझ्या मते त्याची खरी हुशारी इथे आहे. रेल्वे कंपन्यांनी तो तक्ता उचलला, मागोमाग कारखान्यांनी उचलला, आणि वीसेक वर्षांत इंग्लंडमध्ये तोच सर्वत्र चालू लागला. त्याच आट्याचे टॅप आणि डाय तो स्वतः विकत होता, हेही सांगून टाकले पाहिजे.

तक्ता ठरला तरी माप तंतोतंत नसेल तर उपयोग काय? म्हणून त्याने मोजण्याचे यंत्र केले, आणि तेही स्क्रूवरच. इंचाला वीस आट्यांचा स्क्रू, त्याला दोनशे दात्यांचे चाक, ते फिरवणाऱ्या दुसऱ्या चाकाच्या कडेवर अडीचशे खुणा. विद्यार्थ्यांनी गुणाकार करून पाहावा : वीस गुणिले दोनशे गुणिले अडीचशे. शेवटचे चाक एक खूण पुढे सरकले की पट्टी एका इंचाच्या दहा लाखाव्या भागाने सरकते. आपल्या घरातला एक केस याच्या हजारो पट जाड. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात त्याच्या यंत्रांनी नाव काढले. १८५६ मध्ये तो मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेचा अध्यक्ष झाला. सूतगिरणीतून पळालेल्या मुलाचे हे वय त्रेपन्नही नव्हते.

याच सुमारास क्रिमियाच्या युद्धात त्याच्या तक्त्याची कसोटी लागली. इंग्लंडच्या आरमाराला तोफनौकांसाठी वाफेची इंजिने हवी होती, नव्वद संच, आणि तेही ताबडतोब. जॉन पेन या कारखानदाराने नमुन्याची इंजिने सुटी केली आणि त्यांचे भाग देशभरातल्या चांगल्या कारखान्यांत वाटून दिले. एकाने एक भाग नव्वद वेळा करायचा, दुसऱ्याने दुसरा. सगळे भाग आणून जुळवले तेव्हा ते एकमेकांत बसले आणि नव्वद दिवसांत नव्वद संच तयार झाले. आटे सगळीकडे एक नसते तर हे शक्यच झाले नसते. मुलगा संगणकावर एक संच अठ्ठेचाळीस भोकांत फिरवतो, तेच पेनने लोखंडात केले होते.

व्हिटवर्थच्या आयुष्यातला पुढचा भाग बंदुका आणि तोफांचा आहे. लॉर्ड हार्डिंज, जे पूर्वी हिंदुस्थानचे गव्हर्नर जनरल होते, त्यांनी १८५४ मध्ये सेनापती या नात्याने त्याला एनफिल्ड बंदुका बनवण्याच्या यंत्रांबद्दल विचारले. त्यातून त्याने षट्कोनी नळीची स्वतःची बंदूक केली. १८५७ च्या चाचण्यांत ती एनफिल्डपेक्षा अचूक ठरली, तरी इंग्रज सरकारने ती घेतली नाही. तिचा गाजावाजा झाला तो अमेरिकेच्या यादवी युद्धात, गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या बाजूच्या नेमबाजांच्या हाती. मला हे प्रकरण आवडत नाही, पण चरित्रातून वगळणे बरोबर नाही.

माणूस म्हणून तो सोपा नव्हता. तुटक बोलणारा, आपलेच खरे करणारा, सरकारी अधिकाऱ्यांशी भांडणारा. पहिल्या पत्नीशी संसार टिकला नाही. मूल नव्हते. १८६९ मध्ये मिळालेला बॅरोनेट हा वंशपरंपरेचा किताब त्याच्याबरोबरच संपला. मात्र पैसा त्याने ज्या कामी लावला ते पाहण्यासारखे आहे. १८६८ मध्ये त्याने वर्षाला शंभर पौंडांच्या तीस शिष्यवृत्त्या ठेवल्या. परीक्षेला गणित आणि यंत्रशास्त्र होतेच, शिवाय कानस, लेथ आणि हत्यारे हाताने चालवून दाखवावी लागत. नुसते पुस्तक चालत नसे, नुसता हातही चालत नसे. त्या शिष्यवृत्त्या इंग्लंडमध्ये आजही दिल्या जातात. १८७४ मध्ये कारखान्याची कंपनी केली तेव्हा कामगारांनाही भाग घेता येतील अशी सोय ठेवली. आपल्या विश्वस्त मंडळींनी शिष्यवृत्तीचा तो नियम एकदा जरूर वाचावा.

२२ जानेवारी १८८७ रोजी माँटे कार्लो येथे त्याचे निधन झाले. त्याच साली मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट सुरू झाली, जिथे पुढे आपले लक्ष्मणराव किर्लोस्कर यंत्रांचे ड्रॉइंग शिकवत होते. तो निव्वळ योगायोग. पण इंग्रजी यंत्रांबरोबर व्हिटवर्थचे आटे आपल्या गिरण्यांत आणि रेल्वेत केव्हाच येऊन पोचले होते. माझे आजोबा खानदेशातल्या एका गिरणीत फिटर होते. त्यांच्या तोंडी दोन सूत, तीन सूत, चार सूत अशी मापे असत. सूत म्हणजे इथे धागा नव्हे, इंचाचा आठवा भाग. चार सुती बोल्ट म्हणजे अर्धा इंची, म्हणजे बारा आट्यांचा. व्हिटवर्थचे नाव आजोबांना ठाऊक नव्हते, तक्ता मात्र तोंडपाठ होता.

हा एकछत्री अंमल फार काळ टिकला नाही. अमेरिकेत १८६४ मध्ये विल्यम सेलर्स यांनी साठ अंशांचा आटा सुचवला, तो बनवायला सोपा होता. युरोपात मिलिमीटरचे आटे आले. दुसऱ्या महायुद्धात एकाच बाजूने लढणाऱ्या इंग्रज आणि अमेरिकन फौजांचे नट एकमेकांच्या बोल्टवर चढेनात, तेव्हा १८४१ पूर्वीचे दिवस पुन्हा आठवले. १९४८ मध्ये अमेरिका, इंग्लंड आणि कॅनडा साठ अंशांवर एकमत झाले. आपल्याकडे १९५६ चा वजनमापांचा कायदा झाला, १९५८ पासून मेट्रिक मापे येऊ लागली आणि मग बोल्टही मिलिमीटरचे झाले. तरी बाजारात दोन्ही घराणी नांदतात आणि इथेच नवशिके फसतात. अर्धा इंची नटात बारा मिलिमीटरचा बोल्ट घालून पाहा. दोन आटे ढिला फिरतो आणि मग अडकतो. जोर केला की आटे गेले.

म्हणून त्या रविवारी मुलाला मी आणखी काही गोष्टी सांगितल्या, ड्रॉइंग शिकणाऱ्या इतर मुलांसाठी त्या इथे लिहितो. बोल्ट स्वतः काढत बसू नये, कॅडच्या भांडारातून मापाच्या नावाने घ्यावा, म्हणजे दहाचा बारा करताना फक्त नाव बदलावे लागते. भोके मुळातच मांडणीने पाडावीत. ती एकेक सुटी पाडली असतील तर बोल्टला कुणाच्या मागे जावे ते कळत नाही. आट्यांचा खरा मळसूत्री पीळ काढू नये, अठ्ठेचाळीस पीळ मोजताना चांगला संगणकही धापा टाकतो. साधा दांडा पुरतो, कारण आटा कसा आहे ते मापाच्या नावातच आले. इतर काम चालू असताना बोल्ट लपवून ठेवावेत. आणि सगळे झाल्यावर एक बोल्ट निवडून त्याच्याभोवती पान्हा फिरायला जागा आहे का ते पाहावे. संगणक हे आपणहून सांगत नाही. त्या झाकणावर बिजागरीजवळच्या दोन बोल्टना पान्हा लागतच नव्हता, रविवारी रात्री साडेदहाला ते लक्षात आले. मग सगळी मांडणी जराशी फिरवली, बिजागरी दोन भोकांच्या बरोबर मध्ये आली.

सोमवारी साहेबांनी सामानाची यादी मागितली. यादी संगणकानेच काढून दिली : बोल्ट अठ्ठेचाळीस, वायसर शहाण्णव, नट अठ्ठेचाळीस. मुलाला ठेवून घेतले आहे, तूर्त तीन महिने.

परवा तो पेढे घेऊन आला तेव्हा आमच्या गल्लीत नळाचे काम चालू होते. मी त्याला सांगितले की व्हिटवर्थ बोल्टमधून गेला तरी पाण्याच्या पाइपात अजून बसला आहे. नळाचे आटे आजही पंचावन्न अंशांचे असतात, आणि अर्धा इंची नळाला इंचामागे चौदा. त्याचा विश्वास बसेना. खिशातून व्हर्नियर काढून त्याने प्लंबरच्या हातातला नळ मागून घेतला. आटे मोजले, हिशेब चौदाचाच लागला. मग त्याने आट्यांवरून व्यास मोजला तर तो जवळजवळ एकवीस मिलिमीटर भरला, आणि अर्धा इंच तर बाराच्या थोडा वर. आता हा अर्धा इंच आहे तरी कुठे, असे म्हणून तो प्लंबरकडे पाहू लागला. प्लंबरने पाइपाचा तुकडा उचलून त्याच्या तोंडात बोट घातले आणि आतली पोकळी दाखवली.